मोटारसायकल घेताय? आधी इंजिन ओळखा

मृग लागायला चार दिवस उरले होते. लांजा तालुक्यातील एका वाडीवर, देवळाच्या सभामंडपात, हंगामानंतरची आंबा बागेची निगा या विषयावर माझी सभा होती. झाडाच्या वयाप्रमाणे शेणखत किती, रासायनिक खते किती, चर कोठे खणायचा, वाळक्या फांद्या कशा काढायच्या हे सांगून झाले. चहा आला. शंका विचारा म्हटल्यावर पुढे बसलेले एक वयस्कर बागायतदार उठले आणि म्हणाले, "साहेब, खतांचं कळलं. आता मोटारसायकल कुठली घेऊ ते सांगा."

मंडपात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आंब्याचे पैसे नुकतेच हाती आले होते. पीककर्ज, मजुरी आणि औषधांच्या दुकानाची उधारी वजा जाता एका गाडीपुरते उरत होते आणि पुढची चार-पाच वर्षे दुसरी गाडी घेणे जमणार नव्हते. घरात मते तीन. स्वतः बागायतदारांना बागेतून क्रेट वाहायला टीव्हीएसची एक्सएल हवी होती. बावीस वर्षांच्या धाकट्या मुलाला यामाहाची आर-१५ हवी होती. मोठी सून अंगणवाडीत जाते, तिला कोणतीही चालेल, फक्त ती तिला स्वतःला चालवता यावी. शिवाय पडवीत अकरा वर्षांची एक शंभर सीसीची मोटारसायकल उभी होती. ती निळा धूर टाकते म्हणून विक्रेता तिला भंगाराच्या भावात घ्यायला तयार होता.

त्या दिवशी मंडपात उभ्या उभ्या जे सांगितले ते अपुरे होते. नंतर त्यांच्या ओटीवर बसून बोललो, तेच थोडे विस्ताराने येथे लिहीत आहे. मी दापोलीचा कृषी पदवीधर, मेकॅनिक नव्हे. पण नोकरीची सारी वर्षे दुचाकीवरच काढली. कातळावरच्या पायवाटा, पाणंदी, आंबा घाट, कुंभार्ली घाट, श्रावणातला पाऊस हे सगळे त्या त्या वेळच्या गाडीने मला दाखवले आहे, आणि इंजिन न ओळखण्याची किंमतही मी एकदा मोजली आहे.

ग्रासकटर आणि फवारणीचा पंप

इंजिनाच्या दोन मुख्य जाती. त्या समजण्यासाठी शोरूममध्ये जायला नको, दोन्ही बहुधा आपल्या खोपीत आहेत. बागेतले रान कापायला जो ग्रासकटर आपण खांद्याला अडकवतो, त्याचे इंजिन बहुतेक वेळा टू-स्ट्रोक असते, म्हणून त्याच्या पेट्रोलात ऑइल मिसळावे लागते. फवारणीच्या एचटीपी पंपाचे पेट्रोल इंजिन बहुधा फोर-स्ट्रोक असते. त्याचे ऑइल खालच्या भागात वेगळे राहते, पेट्रोल वेगळे.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की एक स्फोट होतो. झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच भोके असतात आणि पिस्टन सरकताना ती उघडतो, मिटतो. जळालेला धूर बाहेर जात असतानाच ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण आत शिरते, त्यामुळे त्यातले थोडे न जळताच धुराबरोबर निघून जाते. वाफ्यात पाणी सोडावे आणि खालचा बांध फुटका असावा, तसा हा प्रकार. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण ओढून घेणे, दाबणे, स्फोट आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामे पिस्टनच्या चार वेगळ्या फेऱ्यांत होतात आणि झडपा वेळेवर उघडतात, मिटतात. बांध फुटका राहत नाही. मात्र दोन वेळा चाक फिरते तेव्हा एकच स्फोट मिळतो.

म्हणून एकाच मापाच्या दोन इंजिनांत टू-स्ट्रोक अधिक जोर दाखवते. १९८५ साली आपल्याकडे दोन गाड्या जवळजवळ एकदमच आल्या. यामाहाची आरएक्स १००, ९८ सीसीची, टू-स्ट्रोक, सुमारे ११ अश्वशक्तीची. आणि हीरो होंडाची सीडी १००, ९७.२ सीसीची, फोर-स्ट्रोक, सात-साडेसात अश्वशक्तीची. माप तेच, पण जोरात एवढा फरक. कॉलेजची पोरे आरएक्सच्या मागे लागली ती उगाच नव्हे. पेट्रोलचा हिशेब ठेवणारे मात्र सीडीकडे वळले.

त्याआधीचा काळ तर टू-स्ट्रोकचाच होता. फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची १७३ सीसीची राजदूत ही मूळ पोलंडच्या गाडीवरून बनवलेली. दूधवाले, पशुवैद्य, ग्रामसेवक, सगळे तिच्यावर. म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी अडीचशे सीसीची. सिलिंडर एकच पण धुराडी दोन, आणि किक मारायचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिकची ५० सीसीची लुना आली आणि प्राथमिक शिक्षकांपासून मासे विकणाऱ्यांपर्यंत अनेकांच्या दारात उभी राहिली. या साऱ्या गाड्यांचे इंजिन चिंचेखाली बसून उघडता यायचे. भाग थोडे, हत्यारे थोडी. सायलेन्सरमध्ये काजळी धरली की तो विस्तवात घालून जाळायचा, ठोकायचा आणि परत बसवायचा.

कुंभार्ली घाटात

माझी पहिली गाडी जुनी घेतलेली टू-स्ट्रोक होती. नोकरीला लागून दोन वर्षे झाली असतील. कराडहून बियाण्याच्या दोन पिशव्या मागे बांधून चिपळूणकडे येत होतो. कुंभार्लीच्या उतारावर पेट्रोल वाचवावे म्हणून मूठ पूर्ण मिटली, गाडी गिअरमध्येच ठेवली आणि वळणामागून वळण उतरू लागलो. त्यात आदल्या पंपावर ऑइल मापाने न घालता अंदाजाने घातले होते. अर्ध्या घाटात काही कळायच्या आत इंजिन जागच्या जागी जखडले. मागचे चाक आवळले, गाडी आडवी सरकली. क्लच दाबायचे सुचले म्हणून दरीच्या बाजूला गेलो नाही. गुडघा सोलवटला, बियाण्याची एक पिशवी फुटली. मग क्लच दाबून धरून उतारावरून तसाच पोफळीपर्यंत आलो.

असे का झाले ते मेकॅनिकने पिस्टन हातात दिला तेव्हा कळले. टू-स्ट्रोकचे वंगण पेट्रोलातून येते. मूठ मिटली की पेट्रोल बंद आणि पेट्रोल बंद की वंगणही बंद. पण गाडी गिअरमध्ये असल्याने पिस्टन तर जोरात वरखाली होतच असतो. कोरडा घासला, तापला, फुगला आणि भिंतीला चिकटला. दोष माझाच होता. लांब उतारावर टू-स्ट्रोकची मूठ मधूनमधून थोडी उघडायची असते, हे तिच्या मालकाला ठाऊक असायलाच हवे.

आजही एखाद्याच्या घरी जुनी राजदूत किंवा आरएक्स जपलेली असते. ती चालवणाऱ्यांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे. नव्या मोटारसायकलींत मात्र आता टू-स्ट्रोक उरलेली नाही. २००० सालापासून धुराचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि फुटक्या बांधाचे इंजिन त्यांत बसेना.

अश्वशक्तीचा आकडा आणि ओढ

म्हणजे आज शोरूममध्ये उभ्या असलेल्या पेट्रोलच्या सगळ्या मोटारसायकली फोर-स्ट्रोक आहेत. मग निवडायचे काय? येथेच बाप-लेकांचा खरा वाद होता.

मुलाने मला मोबाईलवर आकडे दाखवले. आर-१५ चे इंजिन १५५ सीसीचे, अश्वशक्ती सुमारे १८. आजच्या बुलेटचे इंजिन ३४९ सीसीचे, अश्वशक्ती सुमारे २०. "निम्म्याहून लहान इंजिन, आणि ताकद जवळजवळ तेवढीच," तो म्हणाला. आकडे खरे आहेत. पण त्याच कागदावर त्याखालची ओळ वाचायची राहून जाते. आर-१५ ची ती अश्वशक्ती मिनिटाला १०,००० फेऱ्यांवर मिळते, बुलेटची ६,१०० वर. त्याहून महत्त्वाचा आकडा टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या पिळाचा. मीटरभर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १०० ग्रॅम वजन टांगले की जो पीळ पडतो तो एक न्यूटन-मीटर. आर-१५ चा सर्वांत मोठा पीळ १४.२ न्यूटन-मीटर आणि तो ७,५०० फेऱ्यांवर. बुलेटचा २७, आणि तो ४,००० फेऱ्यांवर.

आमच्या भागात पावसात चिखल नांगरणीच्या स्पर्धा होतात. तेथे धावणारी जोडी पाहावी आणि दुसऱ्या दिवशी मळ्यात खोल तास धरून चालणारी जोडी पाहावी. दोन्ही बैलच, पण काम वेगळे. आर-१५ घाट चढत नाही असे नव्हे. गिअर खाली घेऊन, इंजिन सतत मोठ्या आवाजात ठेवून ती झपाट्याने चढते. पण मागे दोन क्रेट बांधून, वाटेत गाईगुरे, वळणावर एसटी, पुन्हा थांबणे, पुन्हा निघणे अशा चालीत ते इंजिन वैतागते आणि चालवणाराही. शिवाय तिच्या मागच्या तोकड्या, उंच सीटवर क्रेट बांधणार तरी कसा?

बुलेटची चाल समजायची तर आपले जुने संथ डिझेल पंपाचे इंजिन आठवावे. जड चाक आणि लांब फेरी. जुन्या ३४६ सीसीच्या बुलेटमध्ये सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची फेरी ९० मिलिमीटर होती. लांब फेरीचे इंजिन सावकाश फिरते, पण एकदा फिरू लागले की सोडत नाही. १९५० च्या दशकात सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी ही गाडी निवडली आणि १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली. मधल्या काळात तिचाच डिझेलवर चालणारा भाऊ, टॉरस, निघाला होता. ३२५ सीसी, साडेसहा अश्वशक्ती. पाण्याचा पंपच दोन चाकांवर बसवला आहे असे वाटायचे. डिझेल स्वस्त होते तोवर घाटावरच्या काही शेतकऱ्यांनी तो हौसेने वापरला, मग तो बंद पडला. बुलेटचे उणे काय? सुमारे १९५ किलो वजन. शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पाखाडीवर हे धूड कलंडले तर एकट्याने उचलणे कठीण, आणि शंभर सीसीच्या गाडीपेक्षा पेट्रोल जवळजवळ दुप्पट.

आता शंभर सीसीकडे या. हीरोची स्प्लेंडर १९९४ साली आली. तिचे इंजिन ९७.२ सीसीचे. व्यास ५० आणि फेरी ४९.५ मिलिमीटर, म्हणजे लांबी-रुंदी जवळजवळ सारखी. आज तिची अश्वशक्ती आठ आणि पीळ ८.०५ न्यूटन-मीटर, ६,००० फेऱ्यांवर. एक्सएल १०० चे इंजिन ९९.७ सीसीचे. मापाने भाऊच. पण अश्वशक्ती सव्वाचारच्या आसपास, स्प्लेंडरच्या निम्मी. मुलगा यावर हसला. मी त्याला पुढचा आकडा वाचायला सांगितला. पीळ ६.५, आणि तो अवघ्या ३,५०० फेऱ्यांवर. अश्वशक्ती निम्मी असली तरी ओढ फार कमी नाही, आणि ती इंजिन तापवायच्या आधीच हाताशी येते. या गाडीला पळायचे नाहीच. बागेतल्या वाटेवरून, माणसाच्या चालीहून थोड्या अधिक वेगाने, पायाशी एक क्रेट आणि मागे एक क्रेट घेऊन तिला शेडपर्यंत यायचे आहे. तेवढ्यासाठी ती बनवली आहे. गिअर नाहीत, त्यामुळे सुनेलाही जमण्यासारखी. मात्र परवाना लागतो, विनागिअरचा का होईना, हे तिला मी बजावून सांगितले.

उतार विसरू नका

चढाचा विचार सगळे करतात, उताराचा कोणी करत नाही. फोर-स्ट्रोक गाडी गिअरमध्ये ठेवून मूठ मिटली की इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरते. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, असे जुने चालक सांगत ते याचसाठी. ब्रेक तापत नाहीत, शेवटच्या वळणासाठी शिल्लक राहतात.

एक्सएलसारख्या विनागिअर गाडीत क्लच आपोआप चालतो. इंजिन मंदावले की तो सुटतो आणि गाडी उतारावर मोकळी सुटते. गिअर नसलेल्या स्कूटरमध्येही सावकाश वेगात तेच होते. मग सगळा भार दोन ब्रेकांवर. क्रेट लादलेली एक्सएल घेऊन आंबा घाट उतरणे किंवा आरे-वारेच्या चढउतारांवरून पावसात दामटणे हे मला पसंत नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक जोडून देणे सक्तीचे झाले, त्याने पुष्कळ फरक पडला. पण तापलेला ब्रेक तो तापलेलाच. बागायतदारांना मी विचारले, "तुम्ही आठवड्यातून किती वेळा घाट उतरता?" ते म्हणाले, "गेल्या वर्षी एकदाही नाही." रोजचे काम बाग, शेड, वाडी आणि फाट्यापर्यंतचा सपाट रस्ता एवढेच. मुलगा मात्र रोज साखरप्याला नोकरीला जातो आणि महिन्यातून दोनदा आंबा घाट चढून कोल्हापूर गाठतो. म्हणजे घरात गाडी एक हवी असली तरी कामे दोन जातींची होती.

लाल धूळ आणि पुराचे पाणी

इंजिनाला आपल्या जिल्ह्यात दोन शत्रू आहेत. मार्च ते मे लाल धूळ, जून ते सप्टेंबर पाणी. चिऱ्याच्या खाणीच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याची गाडी पाहा, एअर फिल्टरच्या डब्यावर हळद-कुंकू फासल्यासारखा थर असतो. ती धूळ आत गेली की तिची पॉलिश पेपरसारखी घासणी होते. पिस्टनच्या रिंगा झिजतात, ऑइल वर येऊन जळू लागते आणि धूर निळा होतो. फोमचा फिल्टर साबणाने धुऊन, वाळवून, ऑइलचा हात लावून परत बसवता येतो. कागदी फिल्टर धुऊ नये, पाण्याने तो फुगतो. तो झटकावा आणि वेळ झाली की बदलावा. आंबा हंगाम संपला की फिल्टर आणि इंजिन ऑइल पाहायचे, हे मी बागेच्या वेळापत्रकातच लिहून देतो.

धुराचा रंगही वाचायला शिकावे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे किंवा हवा कमी मिळते आहे. पावसाळी सकाळी थोडा पांढरा धूर निघून लगेच थांबला तर ती वाफ, घाबरू नये. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सुरू करतानाच तेवढा निळा धूर आला, तर बहुधा झडपांचे सील गेलेले असतात, ते काम स्वस्तात होते. मूठ पिळली की सतत निळा धूर, तर रिंगा आणि सिलिंडर. त्या घरच्या पडवीतली गाडी मी सुरू करून पाहिली. ती दुसऱ्या जातीची निघाली.

पाण्याचे सांगायचे तर २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर कोण विसरेल? वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी बाजारपेठेत माणसाच्या उंचीहून वर चढले. शेकडो दुचाकी चिखलाखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी पहिली गोष्ट कोणती केली? गाडी उभी केली आणि किक मारली. तेथेच घात झाला. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. जे काम ऑइल बदलून भागले असते ते पूर्ण इंजिनावर जाते.

बुडालेल्या गाडीची चावी फिरवू नये. आधी बॅटरीची वायर काढावी. टाकी आणि एअर फिल्टरचा डबा रिकामा करावा. प्लग काढून, गाडी तिरपी करून पाणी निथळू द्यावे, प्लगच्या भोकातून दोन चमचे ऑइल सोडावे आणि प्लग न लावताच किकचा दांडा हाताने सावकाश फिरवावा. खालचे ऑइल दुधाच्या चहासारखे झाले असेल तर ते सगळे काढून नवे भरावे, गाडी थोडी चालवावी आणि तेही काढून पुन्हा नवे भरावे. या एका बाबतीत जुनी टू-स्ट्रोक बरी. तिच्या पोटात साठवलेले ऑइल गिअरपुरतेच, बाकीचे निथळले, वाळले की काम संपले.

कार्बोरेटर गेला, त्यानंतर

१ एप्रिल २०२० पासून धुराचे सहाव्या टप्प्याचे नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतला कार्बोरेटर गेला. आता छोटा संगणक मोजून पेट्रोल फवारतो. आपल्या दमट हवेत याचा फायदा आहे. ऐन पावसात चोक ओढून वीस किका मारणे संपले. पण वाडीवरच्या मेकॅनिकला पूर्वीसारखा जेट फुंकून गाडी सुरू करून देता येत नाही, आणि बॅटरी अगदी मेली तर नुसत्या किकने सुरू होईल याची खात्री नाही. टाकीच्या आत जो पेट्रोलचा पंप बसवतात तो पेट्रोलातच थंड राहतो, म्हणून टाकी सदा तळाला नेऊ नये.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाला आणि मक्याला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले हे चांगलेच. पण इथेनॉल पाणी शोषते. मुंबईच्या चाकरमानी भावाची गाडी गणपतीनंतर शिमग्यापर्यंत अर्ध्या टाकीवर पडवीत उभी राहते, तेव्हा वरच्या मोकळ्या जागेतल्या दमट हवेचे पाणी त्या पेट्रोलात उतरते, ते तळाला वेगळे होते आणि टाकी आतून गंजते. उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरावी किंवा पूर्ण रिकामी करावी. ग्रासकटरसाठी ऑइल मिसळून ठेवलेले पेट्रोलही एका पावसाळ्यातून दुसऱ्यात नेऊ नये. पाण्याचा थर खाली, ऑइलचे पेट्रोल वर, आणि इंजिनाला पहिल्यांदा मिळतो तो खालचाच थर.

बॅटरीवरच्या गाडीबद्दलही सुनेने विचारले. तिला पिस्टन नाही, ऑइल नाही, आणि जागेवरूनच पूर्ण ओढ मिळते. चढावर त्या छान चालतात. पण ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे मी तेथे पंचनामे करताना पाहिले आहे. घरात दुसरी पेट्रोलची गाडी असेल तर बॅटरीची जरूर घ्यावी. जुलै २०२४ मध्ये बजाजने १२५ सीसीची सीएनजीवर चालणारी फ्रीडम काढली, २ किलो गॅस आणि २ लिटर पेट्रोल. ती घेण्याआधी गॅसचा पंप आपल्या घरापासून किती किलोमीटरवर आहे ते मोजावे.

आवडीबद्दल मी कोणाशी भांडत नाही. पावसचे माझे एक स्नेही तीस वर्षे बुलेट चालवतात. त्यांना पेट्रोलचा हिशेब विचारला तर ते विषय बदलतात. मला स्वतःला अजून येझदीचा आवाज कानावर आला की मान वळवावीशी वाटते. जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आल्या, पण आत इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारे. नाव तेच, गाडी निराळी. जुन्या आठवणीने घ्यायला जाणाऱ्याने हे जाणून घ्यावे. बावीस वर्षांच्या मुलाला दहा हजार फेऱ्यांचे इंजिन आवडावे यात नवल काय? फक्त त्याची हौस आणि बापाचे क्रेट एकाच सीटवर बसत नव्हते.

शेवटी त्या घराने एक्सएल घेतली, आणि उरलेल्या थोड्या पैशांत पडवीतल्या जुन्या गाडीला नवा सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा घातल्या. विक्रेता तिचे जेवढे पैसे देत होता, त्यात थोडी भर घालून काम झाले. आर-१५ पुढे ढकलली गेली. मुलगा आठ-दहा दिवस माझ्याशी बोलत नव्हता असे कळले.

गणपतीत तो मला लांज्याच्या बाजारात भेटला. त्याच जुन्या गाडीवर होता, धूर अजिबात नव्हता. म्हणाला, "साहेब, इंजिन उघडलं तेव्हा मी तिथंच बसून होतो. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आत फिल्टरच नाही." कोणी, केव्हा काढला ते घरात कोणालाच आठवेना. सून मात्र म्हणत होती की, दोन उन्हाळ्यांपूर्वी गाडी चढावर दम खाते म्हणून कोणीतरी काहीतरी काढून खोपीत टाकले होते. तो कागदी फिल्टर खोपीत खतांच्या रिकाम्या पोत्यांखाली सापडला.